मोटार पदाची की कामाची?

२०२४ च्या जुलै महिन्यात वाशीम जिल्ह्याचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. एरवी हे नाव राज्याच्या नकाशावरही शोधावे लागते. अकोला जिल्ह्यातून वेगळा काढून १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा निर्माण झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ, आणि २०१८ साली नीती आयोगाने ‘आकांक्षित’ ठरविलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक म्हणून शासकीय अहवालात एक ओळ, एवढीच त्याची सार्वजनिक ओळख. ‘आकांक्षित’ हा ‘मागास’ या शब्दाचा सौजन्यपूर्ण पर्याय आहे, हे येथील शिक्षकांना कोणी समजावून सांगावयास नको. मग या जिल्ह्याची एकाएकी एवढी चर्चा व्हावी असे काय घडले? अवर्षण पडले नव्हते, नद्यांना पूर आला नव्हता, सोयाबीनचा भावही कोणाच्या बोलण्यात नव्हता. निमित्त होते एका मोटारीचे. आणि ती मोटारही वाशीमची नव्हती.

पुण्यात प्रशिक्षणार्थी म्हणून नेमल्या गेलेल्या भारतीय प्रशासकीय सेवेतील परिविक्षाधीन अधिकारी पूजा खेडकर यांनी स्वतंत्र दालन, कर्मचारी आणि शासकीय मोटार यांची मागणी केल्याचा अहवाल पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुख्य सचिवांकडे पाठविला. परिविक्षा काळात या सोयी देय नाहीत, असे त्यात स्पष्ट केलेले होते. त्याचबरोबर एका खासगी ऑडी मोटारीवर दिवा आणि ‘महाराष्ट्र शासन’ ही अक्षरे लावून ती वापरली जात असल्याचे छायाचित्रांनिशी प्रसिद्ध झाले. त्यांची बदली वाशीमला झाली, ११ जुलै रोजी त्या येथे रुजू झाल्या, आणि पाचच दिवसांनी, १६ जुलैला, त्यांचे प्रशिक्षण थांबवून मसुरीच्या अकादमीने त्यांना परत बोलाविले. ३१ जुलैला लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र शासनाने त्यांना सेवेतून मुक्त केले. प्रमाणपत्रांविषयीचे आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि तो विषय न्यायालयांचा आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. येथे प्रश्न केवळ मोटारीचा आहे.

या प्रकरणाची एक बाजू मात्र त्या वेळी फारशी कोणी बोलून दाखविली नाही. पुण्यात जे खपले नाही ते वाशीमला पाठविण्यात आले. ही बदली शिक्षा म्हणून होती की प्रशासकीय सोय म्हणून, हे आदेशात लिहिण्याची पद्धत नसते. पण लोकांनी अर्थ काढावयाचा तो काढला, आणि तो काढताना कोणालाही फारसे अवघड वाटले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लक्ष लोकवस्ती असलेल्या एका जिल्ह्याकडे ‘पाठविण्याची जागा’ म्हणून पाहिले जाते. येथे येणाऱ्या अधिकाऱ्याने काय करावे, त्यास येथील कामासाठी कोणती साधने लागतील, हा प्रश्न त्या चर्चेत आलाच नाही. दूरचित्रवाणीच्या प्रतिनिधींच्या मोटारी मात्र जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आठवडाभर उभ्या होत्या.

शासकीय मोटारीविषयी आपल्याकडे जो संताप वेळोवेळी उसळतो, त्याचा रोख प्रायः दिव्यावर असतो. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात लाल दिव्यांच्या सुळसुळाटावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले आणि उच्च घटनात्मक पदांपुरताच त्यांचा वापर सीमित ठेवण्यास सांगितले. त्यानंतर १९ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मोटार वाहन नियमांतील ती तरतूदच काढून टाकण्याचे ठरविले आणि १ मे पासून रुग्णवाहिका, अग्निशामक व पोलीस यांसारख्या तातडीच्या सेवा वगळता सर्वांचे दिवे उतरले. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु दिवा हे रोगाचे लक्षण होते, रोग नव्हे. छतावरचा दिवा गेला तेव्हा काचेमागे पाटी आली. पाटीला हरकत घेतली तर पुढे एक आणि मागे एक अशा मोटारी आल्या. मोटार ही कामाचे साधन न राहता पदाचे भूषण झाली, की भूषणास नवे नवे आकार सुचतच राहतात.

ही स्थिती पूर्वीपासून अशीच होती असे नाही. १९५२ साली २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा विकास गटाच्या अधिकाऱ्यास जीप देण्यामागे साधा हिशेब होता: जेथे रस्ता नाही तेथे माणूस पोहोचला पाहिजे. त्या जीपमध्ये बसणे ही चैन नव्हती. पाठीचा कणा शाबूत ठेवून परत येणे हीच मिळकत. शहरात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पांढरी अँबॅसेडर होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे तयार होणारी ही मोटार मंत्र्यालाही तीच आणि जिल्हाधिकाऱ्यालाही तीच. परवाना पद्धतीचे अनेक दोष होते आणि ते दाखवून देण्यात अर्थतज्ज्ञांनी बरीच शाई खर्च केली आहे. पण तिने नकळत एक समता निर्माण केली होती, हेही नोंदवून ठेवावयास हवे. बाजारात निवड करण्याजोगे काही नसल्यामुळे मोटारीवरून पदाची उंची मोजता येत नव्हती. १९९१ नंतर निवड आली आणि निवडीबरोबर पायऱ्याही आल्या. आता त्या पायऱ्या शासन निर्णयात रुपयांच्या आकड्यांनी लिहिल्या जातात.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय वाहन खरेदीच्या कमाल किमती नव्याने ठरविल्या. राज्यपाल, मुख्यमंत्री, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि लोकायुक्त यांना किमतीची मर्यादा नाही. मंत्र्यांसाठी ती ३० लक्ष रुपये. त्याखाली श्रेणीनुसार कमी कमी. त्याच सुमारास मराठवाडा आणि विदर्भातील शेतांत सोयाबीन पाण्याखाली होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. या भावाने ३० लक्ष रुपये म्हणजे सुमारे ५६३ क्विंटल सोयाबीन. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर जवळजवळ ९४ एकरांचे सबंध पीक एका मोटारीत जाते. आणि आधारभूत भाव प्रत्यक्ष पदरात पडला असे धरूनच हा हिशेब आहे. वाशीमच्या बाजार समितीत माल घालणारा शेतकरी हे धरणार नाही.

असा हिशेब डोळ्यांत भरतो. तथापि तो पुरेसा नाही, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यावर थांबूही नये. महाराष्ट्राचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे ७ लक्ष कोटी रुपयांचे होते. मंत्र्यांच्या सर्व मोटारी उद्या विकून टाकल्या तरी त्या सागरात थेंबही उणा होणार नाही. जुलै २०२० मध्ये, महासाथीच्या ऐन कडाक्यात, शालेय शिक्षण व क्रीडा खात्यांसाठी प्रत्येकी २२ लक्ष ८३ हजार रुपयांच्या सहा मोटारी घेण्यास मंजुरी मिळाली तेव्हाही जनतेत क्षोभ झाला. एकूण रक्कम १ कोटी ३७ लक्ष. शाळा बंद होत्या, मुलांना शिकण्यासाठी दूरध्वनी संच मिळत नव्हते आणि इतर खर्चावर कात्री चालली होती. त्यामुळे राग समजण्यासारखा होता. पण तेवढ्या पैशाने राज्यातील शिक्षणाचा प्रश्न सुटला असता असे कोणीही गंभीरपणे म्हणणार नाही. खरेदीची किंमत हा खर्चाचा केवळ दृश्य भाग आहे. महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे: मोटारीच्या प्रत्येक फेरीचा भार कोणावर पडतो, आणि ती फेरी करणाऱ्यास तो भार जाणवतो काय?

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर परराष्ट्र वकिलातींच्या मोटारींकडे पाहिले असता मिळते. राजदूताच्या मोटारीस खरोखरच एक कार्य आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या विसाव्या कलमाने वकिलातीच्या प्रमुखास आपल्या वाहनावर स्वदेशाचा ध्वज लावण्याचा अधिकार दिला आहे, आणि बाविसाव्या कलमाने वकिलातीच्या वाहनांची झडती वा जप्ती करता येत नाही. परक्या भूमीवर ती मोटार हा आपल्या सार्वभौमत्वाचा एक चालता तुकडा असतो. तेथे थोडा डौल असणे हा शिष्टाचाराचा भाग आहे आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. परंतु ज्या सवलतीचा हेतू राज्याची प्रतिष्ठा राखणे हा होता, ती सवलत रोजच्या व्यवहारात काय रूप घेते, हे लंडन आणि न्यूयॉर्क या दोन शहरांनी दाखवून दिले.

लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवर्ती भागात मोटार नेणाऱ्यास गर्दी-आकार द्यावा लागतो. आरंभी तो दिवसाला ५ पौंड होता; २०२० साली १५ पौंड झाला. अनेक वकिलातींनी तो देण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की हा कर आहे, आणि करातून राजनैतिक अधिकाऱ्यांना व्हिएन्ना कराराने सूट दिली आहे. लंडनच्या परिवहन संस्थेचे म्हणणे असे की हा कर नव्हे, रस्ता वापरण्याच्या सेवेचे शुल्क आहे. मे २०२४ मध्ये तिने थकबाकीची यादी प्रसिद्ध केली. एकूण रक्कम १४ कोटी ३० लक्ष पौंड. अमेरिका अग्रस्थानी, जपान दुसरा आणि भारत तिसरा. भारताच्या नावावर ८५ लक्ष पौंडांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ९० कोटी रुपये दाखविलेले होते. कर आणि शुल्क यांतील भेद पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो: कराच्या बदल्यात विशिष्ट सेवा मिळेलच असे नाही, शुल्काच्या बदल्यात ती मिळते. वादात कायद्याचा मुद्दा आहे हे मान्य करूनही एक गोष्ट लक्षात येते. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्र या यादीत पहिले आहे. तेव्हा पैसे न देण्याचे कारण दारिद्र्य नव्हे. विचारणारे कोणी नाही, हेच कारण.

न्यूयॉर्कचा अनुभव याहून बोधप्रद आहे. संयुक्त राष्ट्रसंघामुळे तेथे जगातील प्रत्येक देशाचे राजनैतिक अधिकारी राहतात. मोटारी कोठेही उभ्या करण्याबद्दल त्यांना दंडाच्या पावत्या मिळत, पण राजनैतिक संरक्षणामुळे वसुली होत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या पावत्यांचा अभ्यास केला. नोव्हेंबर १९९७ ते २००२ या काळात सुमारे दीड लक्ष पावत्या न भरलेल्या निघाल्या. रक्कम १ कोटी ८० लक्ष डॉलरांहून अधिक. सर्वांना संरक्षण सारखेच, तरी वागणूक सारखी नव्हती. नॉर्वे आणि स्वीडनच्या अधिकाऱ्यांच्या नावावर एकही थकलेली पावती नव्हती; काही देशांच्या एकेका अधिकाऱ्यामागे शंभराहून अधिक होत्या. ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक मानला जातो त्यांचे अधिकारी येथेही पुढे होते. मायदेशाच्या सार्वजनिक सवयी माणसाबरोबर मोटारीत बसून जातात, असा याचा अर्थ.

एवढ्यावर अभ्यास संपला असता तर ‘संस्कारच तसे’ म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु २००२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क शहराला असा अधिकार मिळाला की थकलेल्या दंडाची रक्कम, वर दहा टक्के अधिक, त्या त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून वळती करून घेता यावी. थकबाकीदारांच्या मोटारींची विशेष नोंदणीही काढून घेतली जाऊ लागली. न भरलेल्या पावत्या सुमारे ९८ टक्क्यांनी घटल्या. अधिकारी तेच, मोटारी त्याच, संस्कारही रातोरात बदललेले नव्हते. हिशेब मात्र कोणाच्या तरी दारी येऊन उभा राहिला होता.

न्यूयॉर्कहून वाशीमला परत यावयाचे ते हाच धडा घेऊन. आपल्याकडे या विषयावर जी चर्चा होते ती साधेपणाच्या उपदेशाभोवती फिरते. अमुक नेता एसटीने जात असे, तमुक अधिकारी सायकल वापरी, अशा आठवणी निघतात. आठवणी आदरणीय आहेत, पण त्यांनी कोणाचे पेट्रोल वाचत नाही. शिवाय या उपदेशात एक अन्यायही दडलेला असतो. वाहन नसलेला अधिकारी हाही सार्वजनिक पैशाचा अपव्ययच होय. ज्याचे वेतन शासन देते पण जो गावापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याचे वेतन बव्हंशी वाया जाते. नदीकाठच्या गावात पाणी शिरले असताना तहसीलदाराने भाड्याची मोटार शोधत फिरावे, असे कोणीही सुचविणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. त्यामुळे जुन्या जीपगाड्या मोडीत काढणे क्रमप्राप्त झाले. त्यांच्या जागी नवे वाहन कोणत्या कार्यालयास आधी मिळते, हे पाहिले की मोटार पदाच्या क्रमाने वाटली जाते की कामाच्या, हे उघड होते.

फिरतीचे खरे काम कोणाचे? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक, आरोग्यसेविका यांचे. यांतील पहिल्या तिघांची पदनामे २०२४ आणि २०२५ मध्ये बदलून भारदस्त करण्यात आली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले. वाहन मात्र पूर्वीचेच, म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेली मोटारसायकल, आणि त्यावर तुटपुंजा कायम प्रवास भत्ता. मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर पीक पाहणीसाठी जाणारा कर्मचारी प्रत्येक किलोमीटरचा भार स्वतःच्या खिशात अनुभवतो, म्हणून तो फेऱ्या कमी करतो. वरच्या अधिकाऱ्यास तो भार मुळीच जाणवत नाही, म्हणून त्याची मोटार भाजी आणावयासही जाते. ज्याने अधिक फिरावे त्यास प्रवास महाग, ज्याने कमी फिरले तरी चालेल त्यास तो फुकट. याहून उफराटी किंमत-रचना शोधून सापडणार नाही. हा दोष व्यक्तींचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, १५ लक्ष रुपयांची मोटार दहा वर्षे वापरली. वर्षाला दीड लक्ष रुपये घसारा. चालकाचे वेतन, विमा, देखभाल यांचे मिळून वर्षाला साडेचार लक्ष धरले, तर इंधनाचा थेंबही न घालता वार्षिक स्थिर खर्च ६ लक्ष. ही मोटार वर्षाला ३० हजार किलोमीटर चालली तर किलोमीटरला २० रुपये. १० हजारच चालली तर ६० रुपये. इंधन निराळे. वाशीम ते अकोला भाड्याची मोटार किलोमीटरला काय घेते, हे वाचकांस ठाऊक आहे. म्हणजे बहुतेक वेळ कार्यालयाच्या आवारात उभी असणारी मोटार ही धावणाऱ्या मोटारीहून महाग असते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आवारात उभ्या असलेल्या शासकीय मोटारी मोजण्यास कोणत्याही आयोगाची आवश्यकता नाही. दुपारी तीन वाजता एक फेरफटका पुरेसा आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर-मुंबईच्या मोटारी या जिल्ह्यातून न थांबता जातात. आवारातल्या मोटारी निदान थांबलेल्या तरी आहेत, असे कोणी विनोदाने म्हणावे.

या हिशेबातून पहिली सूचना निघते ती सामाईक वाहनांची. ब्रिटनमध्ये २०१० पासून मंत्र्यांनी शक्यतो स्वतंत्र मोटार न ठेवता सामाईक ताफ्यातील मोटार वापरावी असे धोरण आले. ज्या देशाकडून आपण साहेबी थाट शिकलो त्याने तो थाट आवरता घेतला, आणि आपण मात्र धडा जुनाच गिरवीत आहोत. वाशीममध्ये जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तहसीलदार यांची वाहने स्वतंत्रच असावीत. त्यांचे काम वेळ सांगून येत नाही. परंतु उरलेल्या जिल्हास्तरीय कार्यालयांनी आपली वाहने एकत्र ठेवून मागणीनुसार का वापरू नयेत? आदल्या दिवशी नोंद करावी, एकाच दिशेने जाणाऱ्या दोन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच मोटारीतून जावे, आणि जी वाहने मोकळी होतील ती तालुक्याच्या कृषी व आरोग्य कार्यालयांना द्यावीत. याला विरोध होईल तो सोयीच्या कारणाने नव्हे, मानाच्या कारणाने. समान श्रेणीच्या दोन अधिकाऱ्यांपैकी पुढच्या आसनावर कोणी बसावे, हा प्रश्न आपल्या कार्यालयांत किती गंभीर असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल.

दुसरी सूचना अधिक साधी आणि म्हणूनच कदाचित अधिक अप्रिय. प्रत्येक शासकीय वाहनास नोंदवही असते. कोठून कोठे, किती किलोमीटर, कोणत्या कामासाठी, हे चालक तीत लिहितो आणि अधिकारी स्वाक्षरी करतो. ही वही मग कपाटात जाते आणि लेखापरीक्षणापर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. ‘शासकीय काम’ एवढे दोन शब्द लिहिले की रकाना भरतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने शासकीय कार्यालयांनी बरीच माहिती कोणी न मागता आपण होऊन प्रसिद्ध करावी असे बंधन घातले आहे. त्याच न्यायाने प्रत्येक वाहनाच्या मासिक किलोमीटरांचा आणि इंधनाचा गोषवारा कार्यालयाच्या फलकावर लावावा, आणि त्याशेजारी त्या महिन्यात त्या अधिकाऱ्याने भेट दिलेल्या गावांची नावे लिहावीत. किलोमीटर आणि गावे यांचा मेळ लोक आपोआप घालतील. खासगी वापर झाला असेल तर ठरलेल्या दराने त्याची वसुली वेतनातून व्हावी.

सुरक्षिततेचा आक्षेप येईल. अधिकाऱ्याच्या हालचाली जाहीर करणे धोक्याचे ठरेल असे म्हटले जाईल. पोलिसांपुरता तो ग्राह्य धरावा. महिना उलटून गेल्यानंतर लावलेल्या गोषवाऱ्याने इतर कोणाच्या जिवास धोका संभवत नाही.

यासाठी विधिमंडळात कायदा करावयास नको, मंत्रालयातून नवा शासन निर्णयही यावयास नको. सहा तालुक्यांच्या कार्यालयांना उद्देशून जिल्हाधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढले तर पुढील आर्थिक वर्षाच्या पहिल्या महिन्यापासून हे फलक लागू शकतात. मंगरूळपीरच्या पंचायत समितीत कामासाठी आलेल्या माणसाला रांगेत उभे असताना वाचावयास तेवढेच काही तरी मिळेल.